पायरी सोडल्याचा दाखला

प्रेमला कोंढरे चौथी पास झाली.

हे वाक्य वाचून झालं असेल तर आता विसरून जावं. असं काही घडलेलं नाही. शाळेचं तसं म्हणणं आहे, माझ्या मार्गदर्शक उल्का मॅडमचंही तसंच म्हणणं आहे, आणि त्या दोघींच्या मध्ये पडण्याइतका मी शिकलेलो नाही. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे फक्त. तेव्हा काहीच घडलं नाही असं धरून सुरुवात करतो.

माझ्या लघुप्रबंधाचा विषय होता 'शालेय शिक्षण आणि समाज यांचा परस्परसंबंध'. समाज कुठेही सापडतो, शालेय शिक्षणासाठी मात्र शाळा लागते. म्हणून बिबवेवाडीतल्या एका इंग्रजी शाळेच्या फाटकावर गेलो. तिथे जयसिंग नावाचे वॉचमन होते, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माझं विद्यापीठाचं पत्र दोन्ही बाजूंनी वाचलं. मागची बाजू कोरी होती.

"काय अभ्यास करणार?"

"शाळेचा आणि समाजाचा संबंध."

"तो इथंच आहे." त्यांनी फाटकाची कडी दाखवली. "सकाळी काढतो, मग लावतो. दुपारी परत काढतो. घ्या लिहून."

परवानगीचं कळवू, असं ऑफिसातून सांगितलं गेलं. ते कळवेपर्यंत बसायचं कुठे, म्हणून मी रस्ता ओलांडून एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसलो. तिथे आधीच सात-आठ बायका बसलेल्या होत्या. मुलांना आत सोडून त्या शाळा सुटेपर्यंत थांबायच्या. घरं लांब. बसने परत जाऊन चहा टाकेपर्यंत पुन्हा निघायची वेळ व्हायची. शाळेच्या भिंतीवर पाटी होती: 'पालकांनी येथे रेंगाळू नये. आपले पाल्य सुरक्षित आहे.' म्हणून त्या समोर रेंगाळत.

मला आधी वाटलं, वेळ घालवतायत. मग पाहिलं तर प्रत्येकीच्या पिशवीत डब्याखाली पाठ्यपुस्तक. आत आज जे शिकवणार तेच त्या बाहेर शिकत होत्या, म्हणजे संध्याकाळी घरी पोरांना समजावता येईल. शिकवणी परवडत नव्हती, आणि शाळेचं असं गृहीत होतं की प्रत्येक घरी इंग्रजी येणारं कुणीतरी असतंच. इंग्रजी नजमा शिकवायची. तिचा नवरा अय्युब स्वारगेटजवळ शिलाईचं दुकान चालवायचा, आणि ती लग्नाआधी बारावी झाली होती. गणित प्रेमलाकडे. हे बालवर्गापासून चाललेलं. पोरं एकेक इयत्ता वर गेली, तशा ह्याही गेल्या.

प्रेमला आंबेगावहून यायची, कात्रजला बस बदलून. तिचा नवरा संभाजी पाण्याचा टँकर चालवतो. ज्या सोसायटीला तो पाणी टाकतो, ती त्याच्या आजोबांच्या वावरात उभी आहे. वावर चुलत्यांनी विकलं, पाणी ह्याच्या वाट्याला आलं. प्रेमलाची स्वतःची शाळा तिसरीत सुटली. धाकटा भाऊ झाला होता आणि त्याला सांभाळायला घरात तिसरीतली मुलगी होती.

फेब्रुवारीत फाटकावर नोटीस लागली. शाळेला मावशी पाहिजे: लहान मुलांचे डबे उघडणं, बाथरूमला नेणं. कर्मचाऱ्याच्या मुलाला फी माफ. अट, चौथी पास, दाखल्यासह.

प्रेमलाची चिमी त्या वर्षी चौथीत होती. पाचवीपासून फी वाढणार होती आणि ती टँकरच्या पगारात बसत नव्हती. म्हणजे ही नोकरी मिळाली तर चिमी त्या शाळेत राहणार होती, नाहीतर नाही. इतकं सरळ होतं.

"एक इयत्ता कमी पडली वो," प्रेमला म्हणाली.

"इयत्ता कुठे कमी आहे?" नजमा म्हणाली. "इयत्ता झालीय. कागद झाला नाही."

"मग घ्या की परीक्षा माझी." जरा सरकून बसा म्हणावं, तशा आवाजात.

मला वाटलं, हसतील. कुणीही हसलं नाही. पुढच्या सोमवारी परीक्षा ठरली. नजमाची मोठी मुलगी नसीम याच शाळेत पाचवीत होती. तिची गेल्या वर्षीची, चौथीची गणित-इंग्रजीची वार्षिक प्रश्नपत्रिका नजमाने पाकिटात बंद करून आणली. परीक्षक मी.

"तुम्हीच घ्या," नजमा म्हणाली. "इथे बसून नुसता संबंध बघताय कधीपासून."

जयसिंगांनी आतून लिहायचं पॅड आणून दिलं आणि शिटी वाजवून सुरुवात केली. मग ते पायरीशी उभेच राहिले.

"बसा की," मी म्हटलं.

"आतले सुपरवायझर बसतात. म्हणून तर पोरांना एकमेकांचं दिसतं."

मधेच स्कूटरवरून एक गृहस्थ आले आणि त्यांनी सोफा दुरुस्त होईल का विचारलं. नजमा म्हणाली, "परीक्षा चालू आहे." त्यांनी एकदा शटरकडे, एकदा प्रेमलाकडे पाहिलं, सॉरी म्हणाले आणि स्कूटर चालू न करता ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली.

शेवटचा प्रश्न निबंधाचा होता, इंग्रजीत, 'माझी शाळा'. त्यावर प्रेमला बराच वेळ पेन धरून बसली. मला वाटलं, समोर दिसतेय ती इमारत लिहील. मैदान, घंटा, पिवळ्या बस. तिने लिहिलं: माझी शाळा शाळेच्या समोर आहे. तिला पायऱ्या आहेत. तिथे सावली दहापर्यंत असते. मला माझी शाळा आवडते. मी रोज जाते.

सगळी वाक्यं व्याकरणाने बरोबर होती.

मी पेपर तपासला तेव्हा नजमा पाठीशी उभी होती. दयेचा एक जरी गुण दिलात तर पेपर फाडीन, असं तिने आधीच सांगितलं होतं. द्यायची वेळ आली नाही. प्रेमला चौथी पास झाली. गणितात चिमीच्या सहामाहीपेक्षा जास्त. ते चिमीला सांगायचं नाही असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी प्रेमला आणि मी मुख्याध्यापिकांकडे गेलो. त्या शाळेत मला मिळालेला तो पहिला आणि शेवटचा प्रवेश. जयसिंगांनी रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे, कामाचं स्वरूप या रकान्यात लिहिलं: निकाल.

मुख्याध्यापिकांनी पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वरवर चाळला नाही, हे सांगितलं पाहिजे.

"उत्तरं बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "अक्षरही चांगलं आहे. शाळा कोणती?"

प्रेमलाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. तिथून पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. नजमा आणि बाकीच्या ओळीने उभ्या होत्या, इकडेच बघत.

"तुम्ही रोज दिसता मला," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मला वाटायचं, गप्पा मारता."

"मारतो की. धडा झाल्यावर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कोंढरेबाई, मी तुम्हाला आज ठेवलं असतं. पण तपासणीला माणसं येतात ती दाखला मागतात. बाई कशी आहे, ते विचारत नाहीत."

"मग दाखला तुमीच द्या. समोरच्या शाळेचा."

"समोर शाळा नाही हो."

प्रेमलाने पेपर परत घेतला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि "येते" म्हणाली. वाद घातला नाही. जयसिंगांनी तिच्यासाठी पूर्ण फाटक उघडलं. एरवी ते फक्त बससाठी उघडतात.

मावशीची नोकरी बी.कॉम. झालेल्या एका बाईंना मिळाली. त्यांच्याकडे चौथीपासून पुढचे सगळे दाखले होते. त्या आता बालवर्गाचे डबे उघडतात. त्यांचाही काही दोष नाही. त्यांनीही नोटीस वाचली होती, आणि त्यांनाही एक मुलगा आहे.

मी हे सगळं प्रकरण तीनमध्ये लिहिलं. उल्का मॅडमनी लाल पेनाने एक लांब रेघ ओढली. "श्रीधर, नमुना शाळेतला हवा. हा समोरचा आहे."

"पण मॅडम, संबंध तिथेच—"

"मान्यताप्राप्त आहे का?"

नव्हती. प्रकरण गेलं. लघुप्रबंधाला चांगले गुण मिळाले.

एप्रिल संपताना मी पुन्हा पायऱ्यांवर गेलो. प्रेमला चिमीचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येत होती. जूनपासून चिमी आंबेगावातल्या महापालिकेच्या शाळेत जाणार होती. घरापासून चालत. बस नाही, थांबणं नाही.

"बरंच झालं की एका अर्थी," एक जण म्हणाली. "तुझी दगदग वाचली."

"व्हय," प्रेमला म्हणाली आणि खालच्या पायरीवर बसली. थोड्या वेळाने तिने दाखला मला दाखवला. "ह्ये बघा. शाळा सोडण्याचं कारण. ऑफिसातल्या बाईंनी काय लिवलंय?"

मी वाचलं. "पालकांची विनंती."

"म्या कवा केली विनंती?"

समोर जयसिंगांनी कडी काढली, मुलं बाहेर यायला लागली, आणि एकेक बाई उठून रस्ता ओलांडू लागली. नजमा मात्र थांबली.

"त्येंनी लिवूनच टाकलंय, तर आता करते विनंती," प्रेमला म्हणाली. "काढा कागद."

ती सांगत गेली. मी फक्त कार्यालयीन भाषेत बसवलं.

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
पुणे.

विषय: पायरी सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, मी खाली सही करणार प्रेमला संभाजी कोंढरे, बिबवेवाडी येथील बंद दुकानाच्या पायरीवर बालवर्गापासून इयत्ता चौथीअखेर नियमित हजर होते. सदर पायरीस छत, फळा व मान्यता नाही. याबाबत माझी तक्रार नाही. मुलीचे नाव काढल्यामुळे मलाही पायरी सोडावी लागत आहे. तरी मला दाखला मिळावा. त्यात प्रगती 'समाधानकारक' व वर्तणूक 'चांगली' असे नमूद व्हावे. 'कारण' या रकान्यात 'पालकांची विनंती' असे लिहू नये, कारण पालकांची विनंती तशी नव्हती. दाखला देणे नियमात बसत नसल्यास, अर्जदारास जूनपासून त्याच पायरीवर इयत्ता पाचवीत प्रवेश देण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती.