आठाचा रस्ता

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि दाखला कपाटात होता. बाकी सगळ्या वस्तीला ती आठवाली. गल्लीच्या मागच्या मोकळ्या मैदानावर ती एकोणीस वर्षं बायकांना स्कूटर शिकवत होती, आणि शिकवायची पद्धत एकच. मैदानाच्या या टोकाला एक रिकामं पिंप, त्या टोकाला दुसरं, आणि दोन्हींभोवती इंग्रजी आठाचा आकडा. पहिल्या दिवसापासून. सरळ काय, उतारावर सोडलेली बादलीसुद्धा जाते, असं ती म्हणायची. जिला पाय न टेकता आठ काढता आला, तिला जगात कुठंही गाडी नेता येते. आणि पाय टेकला की पहिल्यापासून. मग ती डॉक्टरीण असो नाहीतर सख्खी नणंद. नणंदेला तिनं एका सकाळी बावीस वेळा पहिल्यापासून पाठवलं होतं. नणंद सहा महिने बोलली नाही, पण बोलायला आली ती गाडीवर बसून, एकटी.

आठवालीचं दुकान नव्हतं, पाटी नव्हती. होतं ते हे मैदान. रस्त्यावर शिकवायला जावं तर नवशिकी बाई दिसताच पुरुषांच्या हॉर्नला कंठ फुटतो, आणि न मागता सल्ला देणारे खांबाखांबाला उभे. मैदानावर पडलं तरी मातीवर, आणि हसणाऱ्याही आपल्याच. मैदान गेलं की शिकवणं गेलं, इतकी सरळ गोष्ट होती.

आणि मैदान जायला निघालं होतं.

शहराचा नवा विकास आराखडा तयार झाला. त्याची जाहीर सूचना पेपरात आली. म्हणजे कशी आली, तर सहाव्या पानावर, हरवलेल्या कागदपत्रांच्या आणि बदललेल्या नावांच्या मधे, मुंगीनं वाचावी अशा अक्षरात. कुणाला हरकत असेल तर त्यानं तीस दिवसांत लेखी द्यावी. लोकांना कळू नये म्हणून नगरपालिका जेवढी मेहनत घेते, तेवढी लोकांसाठी घेती तर हरकत घ्यायची वेळच न येती. पण पालिकेला आठवालीच्या सासूबाई माहीत नव्हत्या. सासूबाई पेपर पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायच्या, कारण पैसे पूर्ण पेपराचे दिलेत.

"आपलं मैदान पिवळं केलंय म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

"पिवळं म्हणजे?"

"ते तू विचारून ये. मी नुसती वाचते."

नकाशा कार्यालयात पाहायला मिळेल, असं सूचनेत लिहिलं होतं. कार्यालयात कुठं, ते लिहिलं नव्हतं. चार दारं आणि तीन "उद्या या" ऐकून आठवाली तिसऱ्या मजल्यावर पोचली. तिथं मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाऱ्यामागं भिंतीवर नकाशा होता, आणि त्याच्याजवळ कानावर पेन्सिल खोचलेला नकाशेवाला बसला होता. माणूस वाईट नव्हता. तेवीस वर्षं त्यानं शहर कागदावर बघितलं होतं, आणि कागदावर शहर फार शहाणं दिसतं.

हिरवं म्हणजे मोकळी जागा, पिवळं म्हणजे घरं, तपकिरी रेघ म्हणजे रस्ता, असं त्यानं समजावलं. आठवालीनं आपली गल्ली शोधली. मागचं मैदान हळद फासल्यासारखं पिवळं.

"चौदा प्लॉट," नकाशेवाला म्हणाला. "पालिका लिलाव करणार."

"आणि मैदान?"

"तेच सांगतोय ताई. चौदा प्लॉट."

तेवढ्यात तिला दिसलं. पिवळ्याच्या मधोमध एक तपकिरी रेघ होती. ती गोल फिरून स्वतःलाच ओलांडत होती, पुन्हा गोल फिरत होती आणि निघाली तिथंच येऊन पोचत होती.

"हे काय आहे?"

"विद्यमान रस्ता. म्हणजे आधीपासून असलेला."

"कुठून कुठं जातो?"

नकाशेवाल्यानं चष्मा वर केला, नकाशाला नाक लावलं आणि बराच वेळ रेघेबरोबर फिरून आला. "हे बघा, आम्ही वरून काढलेल्या फोटोवरून रेघ मारतो. माती घट्ट, गवत नाही, चाकांच्या खुणा. म्हणजे रस्ता. कुठं जातो ते वाहतूक शाखा बघते."

"अहो, तो माझा आठ आहे. एकोणीस वर्षं बायका तिथं गाडी शिकतायत."

"म्हणजे चाकं जातात ना? मग बरोबर आहे की."

"आणि रस्ता आहे तर त्याच्यावर चौदा प्लॉट कसे पाडले?"

"प्लॉटचं टेबल ते, खिडकीजवळचं. रस्त्याचं टेबल हे, माझं."

"तुम्ही एकमेकांचं बघत नाही?"

"एकमेकांचं बघत बसलो ताई, तर आराखडा कधी व्हायचा?"

आठवाली घरी आली ती धुसफुसत. जेवायच्या टेबलावर कागद घेऊन बसली आणि दोन हरकती लिहिल्या. एक, मैदानावर प्लॉट पाडू नयेत. दोन, मैदानावर रस्ता नाही, तो खोडावा. पहिली हरकत वाचून सासूबाईंनी मान डोलावली. दुसरी वाचून चष्मा काढला.

"रस्ता कशाला खोडायला सांगतेस?"

"खोटा आहे म्हणून."

"असू दे की खोटा. रस्त्यावर कुणी घर बांधलेलं बघितलंयस?"

"बघितलंय. नगरसेवकदादांच्या मेव्हण्यानं."

"परवानगी घेऊन?"

आठवालीनं पेन खाली ठेवलं. सासूबाई उठल्या, रद्दीतून तोच पेपर काढला आणि सहाव्या पानावर बोट ठेवलं. "हे बघ, खाली तळटीप. आराखड्यातला कुठलाही सार्वजनिक रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी रुंद ठेवता येणार नाही. आता तुझा आठ नऊ मीटरचा कर बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा शिकाऊ बायकांनी गाडीला हात लावला नाही. कपडे वाळत घालायची दोरी नऊ मीटर मोजून कापली, आणि आठाच्या वाटेवर जागोजाग आडवी धरून दोन्हीकडं चुन्याच्या खुणा केल्या. नर्सबाईनं दोरीचं एक टोक धरलं, बँकवाल्या वहिनींनी दुसरं. दोन तासांत काम झालं. रस्त्यानं मैदान जवळजवळ गिळलं होतं. उरले दोन पिंपांभोवतीचे दोन गोल, आणि कुंपणाच्या कोपऱ्यात एक तिकोनी तुकडा. त्यात एक माणूस राहू शकला असता, उभा.

"आपला मराठी आठ शिकवला असतास," सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "तर रस्ता तोंड उघडं ठेवून कुठंतरी गेला असता. बरं झालं, इंग्रजी शिकवलास."

सुनावणीच्या दिवशी मोठ्या सभागृहात साहेब बसले होते. नगररचनेचे प्रमुख, शांत माणूस, शर्टाच्या खिशात तीन पेनं. शेजारच्या खुर्चीवर नगरसेवक. त्यांना सगळे उद्घाटनदादा म्हणायचे, कारण त्यांच्या हातून कात्री सुटत नसे. त्यांनी एका पाण्याच्या नळाचं दोनदा उद्घाटन केलं होतं, आणि पाणी दोन्ही वेळा आलं नव्हतं. चौदा प्लॉट ही त्यांचीच कल्पना. लिलाव म्हणत होते, पण कुठला प्लॉट कुणाचा हे त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही पाठ होतं.

आठवालीचा नंबर आला.

"हरकत सांगा," साहेब म्हणाले. "दोन मिनिटं."

"माझी हरकत नाही साहेब. सूचना आहे. मैदानावरचा विद्यमान रस्ता नियमाप्रमाणे नऊ मीटर करावा."

साहेबांनी सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली. रस्ता मागणारं माणूस त्यांना सुनावणीत नवीन होतं. तिनं चुन्याच्या खुणांवरून काढलेला कच्चा नकाशा पुढं ठेवला. साहेबांनी तो बघितला, मग आराखडा बघितला, मग नकाशेवाल्याकडं बघितलं. नकाशेवाल्यानं छताकडं बघितलं.

"हा रस्ता कुठं जातो?" साहेबांनी विचारलं.

"तेच म्हणतो मी," उद्घाटनदादा पुढं सरसावले. "हा कसला रस्ता? कुठून येत नाही, कुठं जात नाही."

"दादा, बाजारामागचा रस्ता तुम्हीच उघडलात ना," आठवाली म्हणाली. "तो भिंतीपर्यंत जातो. मग आपण सगळे मागं वळतो. माझ्या रस्त्यावर निदान वळावं लागत नाही, तोच वळतो."

सभागृहात मागं कुणीतरी खोकल्याचं सोंग घेतलं.

"साहेब, रस्ता खोडून टाका," दादा म्हणाले. "फोटोत चूक झाली म्हणायचं आणि मिटवायचं."

साहेबांनी आराखडा पुन्हा जवळ ओढला. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते खालच्या शिपायालाही कळलं असतं. आराखड्यात दोनशे बारा रस्ते होते, सगळे त्याच फोटोवरून, त्याच पेन्सिलीनं काढलेले. एक चुकला म्हटलं की उरलेले दोनशे अकरा पायी तपासायचे. सरकारी नकाशा चुकू शकतो, पण चुकला असं म्हणता येत नाही. माणसानं मरावं, मैदानानं जावं, नकाशा शाबूत राहायला हवा.

"स्थळपाहणी करू," साहेब म्हणाले. "रस्ता वापरात असेल तर राहील. नसेल तर खोडता येईल, नियमानं."

पाहणी शनिवारी सकाळी ठरली. नकाशेवाला वाहनं मोजायला बसला, मांडीवर वही, हातात पेन्सिल. एक तास मोजणी, नियमच तसा. आठवालीनं बायकांना एवढंच सांगितलं, "रोजच्यासारखं." अकराही जणी निघाल्या. नर्सबाई पुढं, वहिनी मागं, त्यांच्यामागं ती शिक्षिका जी वळणावर डोळे मिटायची. पिंपाला वळसा, मधली चौफुली, दुसऱ्या पिंपाला वळसा. कुणाचा पाय टेकला की आठवालीचा आवाज यायचा, "पहिल्यापासून." नकाशेवाला इमानदार माणूस. समोरून गेलेली प्रत्येक गाडी त्यानं रेघ मारून लिहिली.

तासाभरानं त्यानं बेरीज केली, पुन्हा केली. "साहेब, चारशे सोळा."

"एका तासात?"

"वॉर्डातला सगळ्यात जास्त रहदारीचा रस्ता आहे, साहेब. बाजारामागच्यावर नऊ आली होती. त्यात एक हातगाडी."

"अहो त्याच अकरा बायका गोल फिरतायत," दादा म्हणाले.

"मग इतर रस्त्यांवर काय होतं?" आठवाली म्हणाली. "सकाळी जातात तेच संध्याकाळी येतात. आम्ही जरा लवकर येतो."

साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. पण अहवालात रस्ता वाहनयोग्य आहे असंही लिहायला लागतं, आणि ते पाहणी अधिकाऱ्यानं स्वतः जाऊन बघून लिहायचं असतं. सरकारी जीप चौफुलीवर वळली नसती. आठवालीनं आपली जुनी स्कूटर पुढं केली.

"येते ना चालवता?"

"कॉलेजात असताना चालवायचो," साहेब म्हणाले. हे वाक्य आठवालीनं आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं होतं, ते सगळे पहिल्या पिंपाशीच पडले होते.

साहेब निघाले. तीन पेनं, ताठ पाठ, चेहरा अगदी बैठकीतला. पहिल्या पिंपाला त्यांनी बरा वळसा घेतला. चौफुलीवर हँडल डगमगलं, गाडी झुकली आणि साहेबांचा डावा बूट मातीवर आला. नकाशेवाल्यानं वही मिटली. दादा मनातल्या मनात प्लॉट परत मोजायला लागले. एका चिडलेल्या सहीनं चौदा भिंती उभ्या राहिल्या असत्या, हे आठवालीला दिसत होतं. गोड बोलून साहेबांना सावरायची हीच वेळ होती. नर्सबाईनं तिला कोपरानं ढोसलंसुद्धा.

पण एकोणीस वर्षांत तिनं ते कुणासाठीच केलं नव्हतं. नणंदेसाठीही नाही.

"साहेब," ती म्हणाली, "पाय टेकला. पहिल्यापासून."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. मग मुकाट्यानं गाडी वळवून पहिल्या पिंपाशी नेली. दुसऱ्या खेपेला पुन्हा पाय टेकला, तेव्हा कुणी सांगायच्या आतच ते परत गेले. चौथ्या खेपेला आठ पुरा झाला. गाडी थांबवून साहेब उतरले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा शाळेतून पहिला नंबर घेऊन आलेल्याचा. सीटवरच कागद ठेवून त्यांनी लिहिलं: रस्ता विद्यमान आहे व वापरात आहे. वळणे अवघड. आतील दोन्ही गोल मोकळे ठेवावेत. खाली सही.

"वळणं अवघड असं लिहायची गरज होती का?" दादांनी विचारलं.

"होती," साहेब म्हणाले.

प्लॉट गेले. दादांनी दोन दिवस तोंड वाकडं ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी, जे आपलं नाही झालं ते आपणच केलं असं म्हणायच्या जुन्या रीतीनं, फीत आणि कात्री घेऊन मैदानावर हजर झाले. मागून फोटोवाला. दादा या पिंपापासून त्या पिंपापर्यंत गेले, चौफुलीवर थांबले, परत आले. फीत हातात तशीच. अकरा गाड्या त्यांच्याभोवती फिरत होत्या.

"अगं ताई, हा रस्ता सुरू कुठून होतो?"

आठवालीनं त्यांच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. तिचं लक्ष शिक्षिकेच्या पायाकडं होतं.

"जिथं पाय टेकतो तिथून, दादा."