नाकपुडीवरचा मस

सासऱ्यांच्या नाकपुडीच्या कडेला एक मस होता. सून लग्न होऊन घरात आली तेव्हा मसुरीच्या दाण्याएवढा. नऊ वर्षांत तो वाटाण्यापेक्षा मोठा झाला आणि लोंबायला लागला. मऊ, तांबूस, सुरकुतलेला, आणि त्यातून बाहेर आलेले दोन जाड पांढरे केस. पेपर वाचताना सासरे तो चिमटीत धरून हलके हलके फिरवत, घड्याळाला किल्ली द्यावी तसा. जन्मभर त्यांनी घड्याळंच दुरुस्त केली होती.

सून बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीवर होती. दिवसभर उजेडाच्या काचेपुढे बसायचं आणि बुडबुडा असलेली, चरा गेलेली बाटली बाजूला काढायची. ती नजर काही कारखान्यात ठेवून येता येत नव्हती. दार उघडलं की तिला आधी मस दिसायचा, मग सासरे.

माणूस वाईट असता तर सोपं होतं. पण तिची पहाटेची पाळी असली की मुलीला उठवून, वेणी घालून शाळेत सोडणारे तेच. कपडे वाळत घालणारेही तेच. अशा माणसाची किळस येते हे सांगायचं कुणाला? नवऱ्यापाशी एकदा विषय काढला, तर तो म्हणाला, "बाबांना काही त्रास नाही ना त्याचा? मग तुला कशाला?"

एका रविवारी चार वर्षांची लेक आजोबांच्या मांडीवर बसली होती. तिनं मसावर बोट दाबलं. "टिंग टाँग!"

"कोण आहे?" आजोबांनी जाडाभरडा आवाज काढला.

पोर खिदळली. पुन्हा दाबलं, पुन्हा विचारलं. दहा-बारा वेळा झालं आणि मग पोरीनं तेच बोट सरळ तोंडात घातलं. सुनेला ओकारी आली. ती मोरीकडे धावली.

दुसऱ्या दिवशी तिनं थाप मारली. "बाबा, आमच्या कारखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं मी. असले मस वाढत गेले तर चांगलं नसतं म्हणे."

"चांगलं नसतं म्हणजे?"

"म्हणजे... तेच."

सासऱ्यांचा हात नाकाकडे निघाला होता, तो मध्येच थांबला. पुढचे चार दिवस त्यांनी मसावर बोटही ठेवलं नाही. बँकेचे कागद कुठे आहेत ते मुलाला दाखवून ठेवलं. एका जुन्या दोस्ताला फोन करून बराच वेळ काहीच न बोलता नुसतं हूं हूं करत राहिले. तिला सगळं दिसत होतं. ती गप्प राहिली, कारण डॉक्टरांची वेळ मिळाली होती.

डॉक्टरबाईंनी दिवा जवळ ओढला. "किती वर्षं आहे हा? दुखतो? रक्त येतं?"

"पंधरा-सोळा वर्षं झाली. दुखत नाही. रक्तही नाही."

"मग आजोबा, हा साधा मस आहे. आयुष्यभर राहिला तरी काही बिघडायचं नाही. कुणी घाबरवलं तुम्हाला?"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती भिंतीवरचा कातडीच्या थरांचा तक्ता वाचत होती.

"कुणी नाही," ते म्हणाले. "पण काढून टाका. ही बसेल जवळ."

नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं. भुलेची सुई टोचली तसा मस टम्म फुगून पांढरा पडला. डॉक्टरबाईंनी तो चिमट्यानं ताणला. कातडी रबरासारखी लांबत गेली. कात्री बारीकशी करकरली आणि रक्ताचा ओघळ ओठाच्या फटीत शिरला. सासऱ्यांनी नकळत जीभ फिरवली. मग विजेच्या सुईनं बूड जाळलं. चर्र झालं, धूर आला आणि जळक्या केसांचा, जळक्या मांसाचा वास तिच्या घशात जाऊन बसला. सासऱ्यांनी तिचा हात धरला होता. तळवा घामानं चिकट झालेला. तिला तो झटकून टाकावासा वाटत होता.

"बघायचाय?" डॉक्टरबाईंनी तपासणीला पाठवायची बाटली पुढे केली. औषधाच्या पाण्यात तो फिक्कट गोळा हळूहळू फिरत होता, दोन केसांसकट.

बाहेर फुटपाथवर सासरे पट्टीखालून बोलले, "किळस येते असं सरळ सांगितलं असतंस ना, तरी आलो असतो मी. चार रात्री डोळ्याला डोळा नाही लागला गं माझ्या."

तिनं रिक्षाला हात केला. तोंडात तोच वास होता.

पट्टी रोज बदलायची होती. पहिल्याच दिवशी नवऱ्यानं जखम पाहिली आणि तो मागे सरला. "मला नाही बघवत." तेव्हा ते तिच्यावरच आलं. पिवळट पाणी गॉजला चिकटायचं. खपली सुटताना ओलसर आवाज व्हायचा. ती श्वास रोखून पुसायची, मलम लावायची आणि मग साबणानं तीनतीनदा हात धुवायची. सासरे डोळे मिटून बसायचे. तपासणीचा कागद आला, त्यात काळजीचं काहीच नव्हतं. त्यांनी तो न वाचताच तिच्या हातात दिला.

पण ते आता आपलं ताट घेऊन खोलीत जायला लागले होते. "जखम ओली आहे, तुम्ही जेवा." जखम वाळली, गुलाबी डाग राहिला, तरी ताट खोलीतच. नवरा म्हणाला, "म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो ताटात बघायला लागला.

पुढच्या आठवड्यात तिची सुट्टी होती. घरात दोघंच. ती आपलं ताट घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि खाटेसमोर स्टूल ओढून बसली. ते उकडलेलं अंडं खात होते. पिवळा बलक हनुवटीला लागलेला, खालची कवळी घास घेताना टकटक वाजत होती. तिनं नजर आपल्या ताटाकडे वळवली.

त्यांनी ते पाहिलं. "किळस येते का अजून?"

"येते," ती म्हणाली.

"मग कशाला बसलीस?"

"तुम्ही जेवा, बाबा."

मग हनुवटी न पुसताच त्यांनी अंड्याचा दुसरा अर्धा तुकडा उचलला. तिनंही घास घेतला, आणि तो कसाबसा गिळला.