डॉक्टरांनी बंद सांगितलं होतं

इस्त्रीच्या रोलरमधून चादर बाहेर येते तेव्हा इतकी गरम असते की कोपरे धरताना बोटं चटचट भाजतात. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, कोपरे धरून एकमेकींकडे चालत यायचं, जुळवायचे, मागं फिरायचं. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत हे काम आक्का आणि वहिनी करत. वहिनी म्हणजे तिथल्या मेकॅनिकची बायको. तो आधीपासून तिथं होता, म्हणून ती पहिल्या दिवसापासून सगळ्यांची वहिनीच झाली.

गाठींमुळे तिची गर्भपिशवी काढून अर्धं वर्ष होत आलं होतं. आक्काची कधीच काढली होती, त्यामुळे या विषयात शेवटचा शब्द तिचा.

"कसं वाटतंय मग?"

"बरं वाटतंय. रक्त जायचं थांबलं, अंगात जीव आला."

"आणि रात्रीची कटकट गेली, ते नाही सांगत!" आक्का कोपरे जुळवत म्हणाली. "मी तर आमच्या ह्यांना सांगून टाकलं, दुकान बंद, माल संपला." पलीकडे टॉवेल लावणाऱ्या दोघी फिदीफिदी हसल्या. "पिशवी काढल्यावरही जिला ते सुचतं ना, तिच्या डोक्याचं ऑपरेशन करायला पाहिजे."

वहिनीही हसली. जरा जास्तच मोठ्यानं. कारण तिला ते सुचत होतं.

ऑपरेशनच्या आधीची काही वर्षं नवऱ्याचा हात अंगावर आला की ती आतल्या आत आक्रसायची. कधी रक्तस्राव, कधी ओटीपोटात कळ, आणि दोन्ही नसेल तेव्हा त्यांची धास्ती. आता दुखणं गेलं आणि ताप उतरल्यावर भूक लागावी तशी इच्छा परत आली. ती तिला ओळखूही आली नाही आधी. मग शंका आली, की इच्छा आहे, पण बाकीचं काही शिल्लक आहे का? एकदा घरी कोणी नसताना तिनं न्हाणीघरात नळ मोठा सोडला आणि चोरासारखं स्वतःलाच तपासून पाहिलं. होतं शिल्लक. फक्त अगदी शेवटी पोटात खोलवर जे आवळून यायचं, ते या वेळी पुसट होतं. तिनं तोंड धुतलं आणि आरशात न बघताच बाहेर आली. मुलगी परगावी कॉलेजात, आणि आपण हे काय करतोय!

नवरा बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर झोपायचा. "झोपेत माझा धक्का लागेल तुला," म्हणून दवाखान्यातून आल्यावर तो तिकडे गेला, तो गेलाच. पाण्याची बादली तिला उचलू द्यायचा नाही, गोळ्यांची वेळ चुकवायचा नाही. पण एका सुट्टीच्या दुपारी तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर तो चटका बसल्यासारखा उठला. "नको, दुखेल तुला," म्हणाला आणि धडधाकट मिक्सर उघडून बसला. तिनं हात पदराला पुसला. का पुसला, ते तिलाही कळलं नाही. त्याच्या लेखी आता आपण पोकळ, एवढं मात्र तिच्या मनानं घेतलं.

त्यानंतर कधीतरी चहा पिताना तो म्हणाला, "बाहेरच्या खाटेला चांगली गादी करून घेतो. कायमचंच आहे, तर पाठ तरी धरणार नाही."

तिचा कप बशीवर आपटला. "कायमचं कोण म्हणालं?"

"डॉक्टरांनी बंद सांगितलं होतं ना."

"दीड महिना!"

"दीड महिन्यानं तपासून सांगते म्हणाल्या. मी बाहेर बाकावर होतो. तू आणि ताई बाहेर आलात. ताई म्हणाली, झालं, सगळं आटोपलं. मी समजलो, आटोपलं."

तिला ती तपासणी आठवली. नणंद शेजारी बसली होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, संबंध सुरू केले का. तिनं तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, "छे हो, आता कसलं ते!" डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळल्या आणि ती खाली बघत बसली.

"अहो, पण मला नाही का विचारायचं?"

तो कपाच्या कानाशी चाळा करत राहिला. लाँड्रीत यंत्र दुरुस्तीला घेतलं की मेकॅनिक त्याच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं, मालकानं घसा फोडला तरी. पूर्वी एकदा कुणी परस्पर कुलूप काढलं आणि आत काम करणाऱ्याचा हात रोलरमध्ये गेला. तो हात यानंच बाहेर काढला होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात हा नियम इतका पक्का, की तो त्यानं घरीही लावला. बंद डॉक्टरांनी केलंय, उघडायचं त्यांनीच.

"मी काय मशीन आहे?" ती म्हणाली.

"मशीनचा पार्ट नवा मिळतो." तो मान वर न करता म्हणाला.

"मला वाटलं, तुम्हाला किळस येते माझी."

आता त्यानं वर पाहिलं. "किळस? तुझी?" त्यानं कप बाजूला सारला. पण हट्ट सोडला नाही. डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं, आणि दोघांनी.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, "बोला." त्यानं घसा खाकरला, "ते आम्हाला... म्हणजे चालू..." आणि पुढं त्याची गाडी सरकेना. शेवटी तीच टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "मला इच्छा होते. आता होऊ नये ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "का होऊ नये? मागच्या वेळी मी विचारलं होतं तुम्हाला."

"तेव्हा वन्सं होत्या."

"मग चुकलंच माझं. तुम्हाला एकटीला विचारायला हवं होतं."

पडद्यामागं तपासताना त्या म्हणाल्या की टाके छान भरलेत, काहीच अडचण नाही. अंडाशय ठेवलेत, तरी कोरडं वाटलं तर जेल वापरा, घाई करू नका, दुखलं तर थांबा. तिनं अगदी कुजबुजत विचारलं, "शेवटी पोटात आवळून यायचं, ते आता कमी वाटतं..."

डॉक्टरांचा आवाज होता तेवढाच राहिला. "पिशवी आवळली जायची, ती आता नाही. म्हणून काहींना फरक जाणवतो. पण सुखाच्या मुख्य नसा बाहेरच्या भागात असतात, त्यांना कुणी हात लावलेला नाही. दुखणं गेल्यामुळं कित्येकींना आधीपेक्षा बरं वाटतं. पण संबंध अजून सुरू नाहीत ना, मग तुम्हाला फरक कळला कसा?"

वहिनीनं डोळे मिटून घेतले. पडद्यापलीकडे खुर्ची करकरली. डॉक्टरांनाही उमगलं असावं. त्या हळू म्हणाल्या, "त्यात वाईट काही नाही हो." पण कानशिलं तापायची ती तापलीच.

वाटेत तो दोन पावलं पुढंच चालत राहिला. औषधाच्या दुकानात त्यानंच जेल मागितलं, तिच्याकडे पाठ करून. ती फूटपाथवर उभी राहून रहदारी बघत होती. चिडलाय की काय? मी त्याच्याशिवाय, म्हणून?

घरी आल्यावर त्यानं भर दुपारी खिडकीचा पडदा ओढला आणि पलंगाच्या अगदी कडेला टेकला, पाहुण्यासारखा. "दुखलं तर लगेच सांग," म्हणाला. त्याचे हात गार होते. दुखलं नाही. तो दर वेळी थांबून विचारत राहिला आणि ती नाही, नाही म्हणत राहिली. मग त्यानं विचारलं, "इथं बरं वाटतं ना?" पूर्वीही तो कधीमधी विचारायचा आणि ती हो म्हणायची.

"नाही," ती म्हणाली.

त्याचा हात थबकला. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग इतकी वर्षं हो म्हणायचीस ते?"

ती चादरीची कड चाचपत राहिली. तो उताणा झाला आणि छताकडे बघत राहिला. त्याचा कान लालबुंद झालेला तिला दिसला. आत्तापर्यंत लाज आपल्या एकटीलाच वाटते असं ती धरून चालली होती. उठून साडी नीट करावी आणि चहा टाकावा, असं एकदा तिच्या मनात आलं. मग हा विषय घरात पुन्हा निघणार नाही, हेही तिला कळत होतं.

"तुला माहीत आहे ना कुठं?" तो छताकडेच बघत म्हणाला. "डॉक्टर विचारत होत्या ते ऐकलं मी."

"हं."

"मग दाखव की."

तिनं एका तळव्यानं स्वतःचे डोळे झाकले, आणि दुसऱ्या हातानं त्याचा हात धरला.