कवडूची चिमूट

रिसालीच्या त्या गल्लीत शिरलं की आधी डेटॉलचा वास यायचा आणि मग धोंडबाचं घर. नवखा माणूस हटकून विचारायचा, इथं दवाखाना कधी निघाला? त्यावर धोंडबाची बायको सुजाताबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "दवाखाना कुठला जी! आमचे घरचे बाहुल्यायले आंघोळी घालून राहिले."

त्या बाहुल्या म्हणजे बोटभर उंचीची शिशाची माणसं. धोंडबानं उभी हयात पोलादाच्या प्लांटमध्ये, आगगाडीचे रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये छताखालची क्रेन चालवली होती. मिलच्या रौप्यमहोत्सवाला कामगारांनी मिलचीच एक छोटी प्रतिकृती केली होती. पत्र्याची शेड, काडीएवढे रूळ, दोऱ्याला हूक बांधलेली आणि मुठीनं फिरणारी क्रेन, खाली काम करणारी माणसं. माणसं ओतली होती धोंडबाच्या दोस्तानं, कवडूनं, घरच्या स्टोव्हवर शिसं वितळवून; त्यांत एक तो स्वतःही होता. पुढं ही मिल साहेबांच्या खोलीबाहेर काचेच्या पेटीत बसली. दर वर्षी विश्वकर्मा पूजा आली की खऱ्या मिलला रंग लागायचा आणि डब्यात उरलेला रंग या माणसांच्या अंगावर जायचा. कधी पिवळा, कधी हिरवा, कधी चांदी. इतक्या पूजा झाल्या की माणसं पार फुगली. नाक-डोळे बुजले, हातांचे नुसते गोळे झाले. शेवटी ती खोली नव्यानं बांधायची निघाली, पेटी भंगारात जायला लागली आणि कुणीतरी आठवणीनं धोंडबाला फोन केला. सत्तरीला टेकलेला हा गृहस्थ ऑटोत मांडीवर अख्खी मिल घेऊन घरी आला. सुजाताबाईंनी दारातच विचारलं, "आता भट्टी कधी आनता?"

माणसांवरचा रंग सोडवायला लोणच्याची बरणी डेटॉलनं भरली त्याच दिवशी पंचफुला आली. पंचफुला म्हणजे कवडूची बायको, दोन घरं सोडून राहायची. कवडू जाऊन तीन वर्षं होत आली होती. तिनं नाकाला पदर लावला आणि उंबऱ्यापाशीच थांबली. दवाखान्यातले कवडूचे शेवटचे दिवस तिला या वासानं आठवत होते, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"भाऊजी," ती तिथूनच म्हणाली, "यातले आमचे घरचे कोनते?"

धोंडबानं त्या रंगानं माखलेल्या माणसांकडे पाहिलं. एकही ओळखू येईना. कवडू खाली उभा राहून रुळांच्या जुडग्याला साखळी अडकवायचा आणि वर केबिनमध्ये बसलेल्या धोंडबाला हातानं इशारे करायचा. मिलच्या आवाजात हाक मारून काही उपयोग नसतो. वीस वर्षं दोघांचं बोलणं असं हातानंच झालं होतं. अशा दोस्ताला ओळखता येऊ नये, याची त्याला लाज वाटली.

"रंग उतरू द्या, वहिनी. सापडतीन."

"सापडले तं मले द्या. फोटोतले माह्याकडं पायतच नाई. मले माफी मागाची हाय त्यायची."

कशाची माफी, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या संध्याकाळी कवडूनं मीठ मागितलं होतं आणि डॉक्टरनं मना केलंय म्हणून पंचफुलानं दिलं नव्हतं. पहाटे तो गेला. तेव्हापासून ती अळणी जेवत होती. कुणाच्या समजावण्याला तिनं दाद दिली नाही. सुजाताबाईंकडे जेवायला थांबली की त्या मीठ घालायच्या आधी तिच्यापुरतं वरण एका वाटीत काढून ठेवत. त्या वाटीची आता घराला इतकी सवय झाली होती की कुणाला तिचं काही वाटत नसे. धोंडबाला मात्र वाटायचं. कवडूनं मागितलेली एवढीशी गोष्ट या बाईच्या पानात परत येत नाही, याचं त्याला वाईट वाटायचं.

तर धोंडबा कामाला लागला. हे काम घाईचं नाही. माणूस बरणीत दोन दिवस निवांत पडू द्यायचा, मग डेटॉलमध्येच बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं घासायचा, आणि सगळा रंग निघाल्यावरच पाण्याखाली धरायचा. आधीच पाणी लागलं तर रंगाचा असा चिकट लगदा होतो की विचारू नका. पहिल्या माणसाला त्यानं नळाखाली धरलं तेव्हा तो लगदा त्याच्या दोन्ही हातांना, नळाला आणि सुजाताबाईंच्या टॉवेलला लागला. त्या दिवशी घरात बोलणं झालं ते भांड्यांच्या आवाजातच.

दुपारी पेरूच्या पानांतून ऊन खिडकीत उतरायचं. धोंडबा पलंगावर बसून खाली पाटावर मिल मांडायचा आणि मांडीवर माणूस घेऊन घासत राहायचा. आधी चांदीचा थर सुटायचा, मग हिरवा, मग पिवळा. थर सुटत जातील तसा धोंडबाही मागं मागं जायचा. चांदीखाली त्याचे केस अजून काळे होते. हिरव्याखाली सुजाताबाई सुपेल्याच्या बाजारातून नवा स्टोव्ह डोक्यावर घेऊन येत होत्या आणि वाटेत कुणाशी तरी भांडत होत्या. पिवळ्याच्या खाली कवडू सायकलवरून उतरायच्या आधीच बोलायला लागला होता. मग ब्रश हातात तसाच राहायचा, मान छातीवर यायची आणि पलंग हलके हलके पुढं सरकायचा, क्रेन सरकते तसा.

वरून माणूस म्हणजे एक टोपी आणि दोन खांदे. चेहरा दिसतच नाही. म्हणून कवडूनं आपल्या हेल्मेटच्या टाळूवर पांढरा ठिपका काढून घेतला होता. "तुले वरून माहं थोबाड कुठं दिसते? ठिपका पायत जाय," असं तो म्हणाला होता. आपल्या शिशाच्या माणसालाही त्यानं तो ठिपका दिला असणार, याची धोंडबाला खात्री होती. तळाच्या थरात कुठल्या तरी टाळूवर पांढरं दिसेल आणि कवडू सापडेल.

पण पंचफुला रोज यायची. उंबऱ्यापाशी थांबायची, काही विचारायची नाही, निघून जायची. त्या न विचारण्यानं धोंडबाचा धीर सुटला. एका संध्याकाळी त्यानं उरलेली सगळी माणसं एकदमच बरणीत टाकली आणि वर झाकण लावलं. त्यात घरी पाहुणे आले, गडबड झाली आणि बरणी चांगली चार-पाच दिवस तशीच राहिली.

झाकण उघडलं तेव्हा तळाशी मळकट गाळ बसला होता. सगळी माणसं आंघोळ करून उठल्यासारखी लख्ख राखाडी. टाळूवर ना पांढरं, ना पिवळं. ठिपका काय, कुणाच्या अंगावर रंगाचा कणसुद्धा दिसत नव्हता. चेहरे पाहावेत तर सगळे सारखे. कवडूनं एकच साचा केला होता आणि सगळी मिल त्यातून काढली होती.

"काय झालं?" सुजाताबाईंनी विचारलं.

"पुसला मी त्याले," धोंडबा म्हणाला. "ठिपका तेवढा होता त्याचा. तोबी गाळात गेला."

सुजाताबाईंनी एरवी दहा टोमणे मारले असते. आज त्यांनी गाळाची बरणी उचलली, आणि मोरीत ओतायच्या ऐवजी फडताळावर ठेवून दिली. ओतायचा जीव त्यांनाही झाला नाही.

दुसऱ्या दुपारी धोंडबानं ती राखाडी माणसं शेडमध्ये आपापल्या जागी उभी केली. करायला दुसरं काही नव्हतं. ऊन पाटावर आलं. तो पलंगाच्या कडेला बसून नुसता खाली पाहत राहिला आणि पाहता पाहता पलंग सरकला. केबिनची काच धुळीनं पिवळी झालेली. खाली रूळ लालभडक होऊन येत होते, थंड होऊन जात होते, आणि त्याच्या हुकाला जुडगं लटकलेलं होतं. ते कुठं उतरवायचं हे त्याला आठवेना. खाली सगळ्या टोप्या राखाडी. तो एकेका टोपीवरून क्रेन नेत होता. भार लटकलेला, हात भरून आलेले, कुणी वर पाहत नव्हतं. त्याला ओरडायचं होतं, पण वरचा आवाज खाली जात नाही. मग कोपऱ्यातल्या एकानं मान वर केली. त्याला चेहरा नव्हता. त्यानं नुसता हात पुढं केला, अंगठा आणि दोन बोटं एकत्र आणली आणि हलकेच चोळली.

धोंडबा जागा झाला तो पलंगावरून उतरूनच. कोपऱ्यातला माणूस उचलून त्यानं खिडकीशी धरला. हाताचा अजून गोळाच दिसत होता. बोटांच्या बेचक्यात जुना रंग डिंकासारखा घट्ट बसला होता, बरणीतही तो सुटला नव्हता. धोंडबानं दात कोरायची काडी डेटॉलमध्ये बुडवली. ब्रशनं घासलं असतं तर ती बोटं मोडली असती. वाळवलेल्या शेवयांएवढी तर होती. तो श्वास धरून काडी फिरवत राहिला. एक कण निघाला. मग दुसरा. अंगठा मोकळा झाला, मग त्याला टेकलेली दोन बोटं.

चिमूट.

धोंडबाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. चेहरे सगळ्यांचे एका साच्यातले, पण हात कवडूनं ज्याचे त्याला दिले होते. बाकीच्या माणसांच्या हातांत पहारी होत्या, नट आवळायचे पाने होते. चिमूट एकाचीच. आणि स्वप्नातल्यासारखा हाही गडी जरा मागं वाकवलेला होता, वर पाहणारा. समोरून तो वेडावाकडा दिसायचा. पलंगावरून पाहिलं की सरळ धोंडबाकडे पाहायचा.

मग त्यानं त्याला रंगवलं. अंगात निळा गणवेश, डोक्यावर पिवळं हेल्मेट, टाळूवर काडीच्या टोकानं एक पांढरा ठिपका. चिमटीला त्यानं रंग लावला नाही. पुन्हा बुजायला नको.

संध्याकाळी सुजाताबाईंनी पंचफुलाला जेवायलाच बोलावलं. प्लांटच्या बाजूला भट्टीतली तापलेली धातुमळी ओतत असावेत, आभाळ तांबडं झालं होतं आणि खोलीत त्याचा उजेड आला होता. डेटॉलची बरणी भरल्यापासून पंचफुला पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली. धोंडबानं तिच्या तळहातावर कवडू ठेवला.

तिनं हेल्मेट पाहिलं, ठिपका पाहिला, हसली. मग तिची नजर हातावर गेली आणि तिचा चेहराच उतरला.

"भाऊजी, हे तुमाले कोनं सांगतलं?"

"काय?"

"हे. मीठ मागनं." तिनं आपली बोटं चोळून दाखवली. "तोंडात नळी होती, बोलता कुठं येत होतं? असंच करून राहिले होते. अस्संच. मी म्हनलं, डॉक्टरनं मना केलं जी. तरी करतच होते. मंग म्या तो हात धरून चादरीत घातला त्यायचा."

इतकी वर्षं गल्ली म्हणत होती, कवडूनं मीठ मागितलं. कसं मागितलं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"वहिनी," तो म्हणाला, "हे मीठ नोहे."

त्यानं कवडूला तिच्या हातातून घेऊन शेडमध्ये त्याच्या जागी उभं केलं. तिला पलंगावर आपल्या शेजारी बसवलं. क्रेनची बारीकशी मूठ फिरवली तसा दोरा सुटत गेला आणि हुकाला लावलेलं काड्यांचं जुडगं खाली उतरायला लागलं.

"भार जमिनीपासून बोटभर राहिला का तो असं करे. म्हंजे, हळू. आता जरासक. टेकव आता." त्यानं आपली चिमूट चोळून दाखवली. "जागा बरोबर असली तंच करे. भेला असता, काही चुकून राहिलं असतं, तं दोन्ही हात वर फेकले असते त्यानं. हे करे तवा मी डोळे मिटून उतरवत होतो."

बोलता बोलता त्याच्या मनात आलंच की कवडूला मिठाची आवडही काही कमी नव्हती. कोण सांगणार? पण या चिमटीवर त्यानं वीस वर्षं भार उतरवला होता आणि ती एकदाही खोटी पडली नव्हती. आज ती खोटी म्हणायला तो तयार नव्हता.

काड्या टेकल्या. दोरा सैल पडला. पंचफुला खाली पाहत होती आणि तो बोटभर माणूस मान वर करून तिच्याकडे पाहत होता.

"टेकल्यावर काय करत होते?" तिनं विचारलं.

"मूठ मिटे. म्हंजे थांब, काम झालं."

पंचफुलाच्या तोंडून हुंदका आला. "पहाटे मी चादर काढली तं मूठ मिटून होती त्यायची," ती म्हणाली. "मले वाटलं, राग."

"राग नोहे, वहिनी."

ती रडली. मोकळी रडली, तीन वर्षांचं सगळं. सुजाताबाई स्वयंपाकघराच्या दारात पातेलं धरून उभ्या होत्या, त्यांनीही पदरानं डोळे पुसले आणि मग पानं वाढायला घेतली. तीन ताटं. पंचफुलाच्या ताटाशी नेहमीची अळणी वाटी.

पंचफुलानं ती वाटी उचलून बाजूला ठेवली.

"सुजाताबाई, तुमच्यातलं वाढा."

सुजाताबाईंनी धोंडबाकडे पाहिलं, मग पातेल्यातलं वरण तिच्या भातावर वाढलं. पंचफुलानं पहिला घास घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"बाई, लय खारं झालं व."

"बरोबर हाय मीठ," सुजाताबाई म्हणाल्या.

"खारंच हाय," पंचफुला म्हणाली आणि तिनं दुसरा घास घेतला.