शाळा सोडल्याचे कारण

"लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलं होतं का?" सुप्रियाबाईंनी तिसरा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि त्या आठवीच्या वर्गाकडे वळल्या. "जुना कागद आपण होऊन बोलत नाही. त्याला विचारावं लागतं."

कशेळ्याजवळच्या त्या शाळेत त्या वीस वर्षं इतिहास शिकवत होत्या. आज त्यांनी शाळेच्याच जुन्या जनरल रजिस्टरची पानं झेरॉक्स काढून वाटली होती. कोण आलं, कधी गेलं, का गेलं. पानं कुठल्या वर्षाची, ते मात्र पाहिलं नव्हतं.

"बाई, ही माझी आई हाय," ललिता म्हणाली.

"तुझी आय शाळंत होती?" मागून जितेश. पोरं हसली.

"सातवीपातूर होती रं. तुझा बा किती शिकला, ते सांग आधी."

ललितानं बोट ठेवून वाचलं. भागी पोशा वाघमारे. शाळा सोडल्याचे कारण : शिक्षणाची आवड नाही.

"आई तर सांगते, दिवाळी झाल्यावर समदी वाडी वीटभट्टीवर गेली. शिमग्याला परत आली, तवर नाव काढलेलं. मंग खरं कोनाचं?"

"पहिला प्रश्न विचार. कोणी लिहिलं?"

"सही नाय, बाई."

बाईंनी कागद हातात घेतला. 'सांगता येत नाही' म्हणून पुढे गेलं असतं तरी चाललं असतं. वर्गाला कळलंही नसतं.

"अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या.

"मंग तुमी वाडीत येऊन इचारलेलं?"

"नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. त्या वर्षी एका दुपारी एकतीस नावं कमी करायची होती. रकाना अरुंद होता आणि हे तीन शब्द त्यात बसत होते. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना त्या एवढंच मागत, आज तोंडून खोटं जाऊ नये. हाताचं कधी मागितलं नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या कागद घेऊन वाडीवर गेल्या. भट्टीवाल्याचा टेंपो येऊन उभा होता. भागी भांडी गोधडीत बांधत होती.

"ललिताला ठेव गं माझ्याकडे, दहिवलीला. तिची शाळा बुडणार नाही."

"आन धाकट्याला कोन बघंल, बाई? आमी दोघं दिसभर चिखलात."

बाईंनी कागद पुढे केला. "भागी, हे मी लिहिलं होतं. कोणाला न विचारता."

भागीनं पदराला हात पुसले. एकेक अक्षर जुळवत वाचलं. शेवटच्या शब्दाशी थांबली.

"आवड होती, बाई," ती हळूच म्हणाली.

"माझं चुकलं. मोठ्या सरांना सांगून दुरुस्त करून घेते."

"आता कशाला? ह्यो कागद मातर मला ऱ्हाऊ द्या. मी शाळंत होते, ह्याचा दुसरा पुरावा नाय माझ्याकडं."

तिनं कागदाची घडी घातली, कारणाचा रकाना आत जाईल अशी, आणि कमरेच्या पिशवीत खोचली. ललिता धाकट्याला मांडीवर घेऊन बोचक्यांवर बसली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. टेंपो वळवायला जागा हवी होती. बाई बाजूला सरकल्या.