दारातल्या चपला

वासुदेवरावांनी तपकिरी चपला केंद्राच्या दारात, परेशला दिसतील अशा काढून ठेवल्या, पिशवीतले जुने सँडल हातात घेतले आणि मागच्या दाराने सटकले. अडुसष्टाव्या वर्षी हे शोभतं का? मुळीच नाही. पण चार वर्षांपूर्वी बायको, इंदिराबाई, गेल्या, तेव्हापासून दूध आणायला, बँकेत, औषधाला ते घरूनही असेच निघत.

परेश एकतीस वर्षांचा. डाऊन सिंड्रोम. बाबा निघतो म्हटलं की मनगट धरायचा, ते सुटता सुटत नसे. मग ही युक्ती सुचली. पुढच्या दारात चपला दिसल्या की बाबा घरातच, अशी पोराची खात्री. सँडल मागच्या दाराशी लपवलेले. परत आले की ते पुन्हा लपवून हे अनवाणीच आत शिरत. परेश मग मग्गाभर पाणी आणून त्यांच्या पायांवर ओतायचा आणि फरशीभर पाणी करून ठेवायचा. वासुदेवराव वैतागायचे, पण म्हणायचे, खेळतोय तर खेळू दे.

आता त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन मंगळवारी होतं. दोनदा पुढे ढकललं होतं, तिसऱ्यांदा ढकलायला डॉक्टरने साफ नाही म्हटलं. परेशला पाच दिवस ठेवणार कोण? या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळींनी राजवाड्याच्या मागे अशा मुलांसाठी केंद्र काढलं होतं, रात्रीची सोयही होती. नियम एकच. आधी एक दिवस मूल इथे रमलं पाहिजे, पाचपर्यंत पालकांनी तोंड दाखवायचं नाही, फोनही करायचा नाही. नाही रमलं तर ऑपरेशन विसरा.

सकाळी दहापासून वासुदेवरावांच्या पायाला भिंगरी लागली होती. राजवाड्याला एक फेरी मारली, सराफ्यात शिरले, सोन्याच्या दुकानांसमोरून उगाच दोनदा गेले. बसले की उठावंसं वाटे, उठले की पोटात दुखे. चहावाल्याने शेवटी विचारलंच, "भिया, तिसरी चाय है. किसी का इंतजार है क्या?" यांनी मान हलवली आणि चौथा सांगितला. परेश जेवला असेल का? वरणात तूप घातलं नाही तर तो ताट सरकवतो, हे सांगायचं राहिलं. राहिलंच कसं? स्वतःचाच राग आला.

दीड वाजता फोन आला. केंद्र चालवणाऱ्या भानुमतीताई होत्या. परेश सकाळपासून सगळ्या खोल्या धुंडाळून आला होता, आता दारात बसून होता, बापाच्या चपला मांडीवर घेऊन. जेवायला उठत नव्हता, सारखी कडी काढायला बघत होता. काका, असं असेल तर रात्री दोन बायका त्याला कशा सांभाळणार, त्या म्हणाल्या. वासुदेवराव तसेच केंद्राकडे निघाले. म्हणजे मंगळवार गेला.

पोचले तेव्हा सवयीने फाटकाशीच सँडल पिशवीत टाकले. उन्हाळ्याचं ऊन, अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली. उड्या मारतच दारात आले. परेशने वर पाहिलं, चपला खाली ठेवल्या, आत जाऊन मग्गाभर पाणी आणलं आणि त्यांच्या पायांवर ओतलं.

जाताना त्याला काय सांगितलं होतंत, भानुमतीताईंनी विचारलं. वासुदेवरावांनी सगळं सांगितलं, चपलांसकट. त्यांनी एकदा चपलांकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे. ते बघणं सोसेना. हे खाली पायरीवर बसले, परेशच्या समोर.

"परेश, मी इथे नव्हतो. चपला ठेवून पळालो होतो. आता परत जाणार आहे, पाचला येईन. आणि मंगळवारी दवाखान्यात जाणार आहे, तेव्हा पाच दिवस येणार नाही. मग येईन."

इतकी वर्षं पोरापुढे हे कधी सरळ बोलले नव्हते. आता मनगट धरणार, या धास्तीने त्यांनी हात मागे घेतला.

परेशने चपला उचलल्या आणि त्यांच्या पायांपुढे नीट जोडून ठेवल्या.

"घालून जा," तो म्हणाला. मग जरा रागावून, "घरीपण घालून जात जा, बाबा. पाय भाजतात."

घरीपण! अरे देवा, म्हणजे याला ठाऊक होतं. चार वर्षं आपण पोराला फसवतोय म्हणून खूश होतो, आणि पोरगं बाप अनवाणी गेला म्हणून झुरत, पाणी घेऊन वाट बघत बसायचं. आजही चपला द्यायलाच कडी काढत होतं. त्यांना रडू फुटलं आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

त्यांनी चपला घातल्या. परेशने त्या दोन्ही पायांत नीट बसल्यात का ते वाकून पाहिलं, मग आत गेला आणि मोठ्याने ताट मागितलं.

"वरणावर तूप घाला," वासुदेवराव डोळे पुसत भानुमतीताईंना म्हणाले.

पाच वाजायला अजून तीन तास होते. या वेळी ते पुढच्या दाराने बाहेर पडले.