मोतीच्या दुधाला लसणाचा वास

गंगाबाई जाऊन किती दिवाळ्या झाल्या, पण धारेला बसलं की शोभाच्या कानात सासूचा आवाज अजून उठतो. पहाटेच्या धुक्यात, चरवीत पडणाऱ्या पहिल्या धारेच्या तालावर म्हातारी गायची,

जे गं म्हशीच्या मुखात, तेच उतरे धारेत,
किती लपवा दडवा, चरवी बोलते दारात.

यंदा वसुबारसेला चरवी खरंच दारात बोलली. बोलली ती विचुंब्याच्या नव्या सोसायटीतल्या मितालीच्या तोंडून.

"सॉरी काकू, पण तुमचं दूध तापवलं की अख्खा फ्लॅट वडापावच्या गाडीसारखा वास मारतो. काल खीर केली, तर हे म्हणाले, यात पाव बुडवू का?"

शोभानं पदरानं चरवीचं तोंड झाकलं.

"भाऊबीजेची बासुंदी आम्ही सगळ्याजणी तुमच्याच दुधाची करणार होतो. पण परत असं आलं ना, तर अख्खी बिल्डिंग पिशवीच्या दुधावर जाणार."

त्या बिल्डिंगच्या गिऱ्हाइकीवरच तर गोठा उभा होता! शोभानं चारी म्हशींचं दूध वेगवेगळं काढलं, हुंगलं. तिघींचं दूध कसं तुळशीपाशी ठेवावं असं. वास मारत होतं ते मोतीचं. मोती म्हणजे गंगाबाईच्या म्हशीची नात, दिनानाथच्या काळजाचा तुकडा.

शोभाचा हा नवरा सगळ्यात मोठ्यानं गरजला, "कोन त्यो? माज्या मोतीला लसून चारतो?" आणि खांद्यावर पंचा टाकून तपासाला निघाला.

पहिला सापडला जैतू, डोंगरातून गवताचा भारा घेऊन येणारा.

"तुज्या गवतात लसून व्हता?"

"दादा, डोंगरात लसून उगवला असता, त मी तुमच्या दारात भारा आनला असता का? मार्केटात गादीवर बसलो असतो!"

मग कुंपणापलीकडची शकू. ती फराळाची लसूणशेव तळत होती.

"शकू, शेव टाकतंस ना गोठ्यात?"

"मेल्या, माज्या जावयाला पुरंना, नि तुज्या म्हशीला वाढू? लसून केवढा म्हाग झालाय! या शेवेत बी दुर्बीन लावून शोधायला लागतो."

दिनानाथ तणतणत परतला. शोभा मात्र शकूच्या बोलण्याशीच थबकली. एवढा महाग लसूण तिच्या घरात एकाच माणसासाठी सोलला जात होता. दिनानाथला बीपी निघाल्यापासून सकाळच्या गोळीबरोबर ती त्याच्या हातात सोललेल्या पाकळ्यांची वाटी द्यायची. "फिरत फिरत खातो गो, चांगला पचतो," म्हणत तो ती खिशात रिकामी करायचा आणि गोठ्याकडे वळायचा.

दुसऱ्या सकाळी ती चरवी घेऊन मागोमाग गेली. मोतीनं दिनानाथच्या सदऱ्याच्या खिशात नाक खुपसलं होतं, आणि जीभ आत काहीतरी शोधत होती.

शोभानं काही विचारलं नाही. नुसतीच म्हणाली, "अवो, मोतीला काडून टाकू. आजच व्यापारी बोलावते."

"आं? कशाला गो?"

"बासुंदी नासली त सोसायटी गेली. सोसायटी गेली त चारी दावनी रिकाम्या. त्यापरीस येकच गेलेली बरी."

दिनानाथनं छपराकडं पाहिलं. मग शेणाकडं पाहिलं. "वास काय, जाईल आपसूक."

"कसा जाईल?"

मोतीनं खिशातून जीभ काढली आणि ओठाला चिकटलेली पांढरी पाकळी शोभाच्या देखत गिळून टाकली. मग डोळे मिटून रवंथ करायला लागली.

"व्यापारी बोलवू नको," दिनानाथ म्हशीच्या मानेआड तोंड लपवत म्हणाला. "रोजचा लसून मीच तिला दिला. माज्यानं गिलवत नाय गो त्यो, नरडा जलतो. नि ही बघ कशी, पोरीवानी तोंड फुडं करते. तुला सांगितला असता, त तू नाक दाबून भरवला असतास."

भाऊबीज अजून पुढं होती, तोवर दुधाचा वास जायला पुरेसा वेळ होता. शोभाच्या हातातली चरवी हसण्यानं हिंदकळायला लागली, पण डोळे तिनं तसेच वटारून ठेवले.

"नि तुमचा बीपी?"

"माजा म्हाईत नाय," दिनानाथ मोतीच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाला. "हिचा येकदम नॉर्मल असल."